दाबताना नाही, सोडताना फुटते

डिसेंबरात घरी गेलो की नानांसोबत एकदा तरी जिनवर चक्कर होतेच. नाना म्हणजे माझे वडील, अमळनेरकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये प्रेसवर फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण कापसाच्या गाड्या रस्त्याला दिसायला लागल्या की त्यांना घरात बसवत नाही. तर यंदा गेलो तेव्हा गाठी बांधणं चालू होतं. रुई पेटीत भरायची, दाबायची, दाब तसाच धरून ठेवायचा, तेवढ्यात पट्ट्या आवळायच्या आणि मग प्रेस सोडायची. साधारण १७० किलोची एक गाठ. प्रेस सोडली की गाठ करकरते, पट्ट्या ताठ होतात आणि दोन पट्ट्यांच्या मधून रुई पोट सुटल्यासारखी बाहेर येते. त्या दिवशी एका गाठीची कडेची पट्टी हुकातून निसटली. फट्‌कन आवाज झाला आणि त्या बाजूची रुई माझ्या डोळ्यांदेखत वीतभर वर आली. नानांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि म्हणाले, "कापूस दाबनं सोपं शे रे भाऊ, दाबेल ठेवनं कठीण."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, पण यंदा ते ऐकलं आणि मला एकदम माझी एक नाइट शिफ्ट आठवली, पॅरासिटामॉलची. कारण गोळीचं, म्हणजे औषधाच्या टॅब्लेटचं दुखणं तंतोतंत हेच आहे, फक्त गोळीला पट्ट्या नसतात.

मी आता धुळे जिल्ह्यात एका फार्मसी कॉलेजला शिकवतो, पण त्याआधी सहा वर्षं टॅब्लेट कंप्रेशनवर, म्हणजे पावडर दाबून गोळ्या करायच्या मशीनवर, काढली. बी.फार्म. झाल्या झाल्या लागलो होतो. मे महिना, रात्रीचे दोन, ५०० मिलीग्रॅमची साधी पांढरी गोल गोळी, बारा मिलिमीटरचे पंच, म्हणजे पावडर दाबणारे स्टीलचे दांडे. दिवसपाळीत मशीन नीट चालली होती. टार्गेट मागे पडलं होतं म्हणून स्पीड वाढवा असा निरोप होता, मी वाढवला, आणि अर्ध्या तासात फ्रायबिलिटीला, म्हणजे गोळी आपटून-घासून किती झिजते त्या तपासणीला, लावलेल्या गोळ्या ड्रममधून काढल्या तर चार-पाच गोळ्यांची टोपणं सुटलेली. शंभर फेरे होतात त्या ड्रमचे, चार मिनिटं, आणि गोळ्यांचं वजन एक टक्क्याहून जास्त घटायला नको असा साधारण नियम. इथे वजनाचा प्रश्नच संपला होता, गोळ्याच दोन तुकड्यांत.

याला कॅपिंग म्हणतात. मी मशीनच्या तोंडाशी निघालेली एक ताजी गोळी घेतली, अंगठा आणि बोट यांच्यात धरून हलकेच पिळली, आणि वरचा थर डबीचं झाकण फिरवावं तसा फिरून हातात आला. आतला भाग मी ट्यूबलाइटखाली धरून बघितला. मला वाटलं होतं तुटलेल्या बिस्किटासारखा खरबरीत असेल, पण तो गुळगुळीत होता, किंचित फुगीर, चमक होती त्याला. म्हणजे तिथे जोडच नव्हता. आणि मी काय केलं, तर कुठलाही नवा माणूस करेल तेच, प्रेशर वाढवलं. गोळी सुटतेय म्हणजे नीट दाबली जात नाहीये, मग अजून दाबा. हार्डनेस, म्हणजे गोळी मोडायला लागणारा जोर, आधी थोडा वाढला, मला बरं वाटलं, मग अजून वाढवलं तर हार्डनेस उलटा खाली आला आणि टोपणं फ्रायबिलिटीपर्यंत थांबेनात, मशीनच्या तोंडाशीच सुटायला लागली. ट्रेमध्ये गोळ्या कमी आणि टोपणं जास्त.

पुढचं सांगायच्या आधी त्या डायमध्ये काय होतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय त्या रात्रीचं काही कळत नाही.

डाय म्हणजे स्टीलची एक आरपार भोक असलेली चकती, खालून एक पंच, वरून एक पंच. पावडर पडते तेव्हा त्यात निम्म्याहून जास्त जागा हवेची असते. वरचा पंच खाली येतो तेव्हा पहिल्यांदा कण फक्त सरकतात, धान्याचं पोतं जमिनीवर दोनदा आपटलं की कसं बसतं तसं. यात फार जोर लागत नाही. पण एकदा सरकायला जागा उरली नाही की खरा खेळ सुरू होतो, कारण आता पंच तर खाली येतोच आहे आणि कणाला आपला आकार बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. बारा मिलिमीटरच्या गोळीवर १५ किलोन्यूटन म्हणजे दीड टनाचा भार पडतो, हिशोब केला तर १३० मेगापास्कलच्या आसपास, वातावरणाच्या दाबाच्या साधारण तेराशे पट. एक रुपयाच्या नाण्याहून लहान जागेवर एक मोटार उभी केल्यासारखं.

आणि इथे प्रत्येक पावडरचा स्वभाव वेगळा. काही कण दबतात आणि दाब गेला की परत मूळ आकाराला येतात, ते इलॅस्टिक. काही दबतात आणि तसेच बसून जातात, ते प्लॅस्टिक, यात पिशवीच्या प्लॅस्टिकचा काही संबंध नाही, कायमचा आकार बदलणं एवढाच अर्थ. आणि काही दबतच नाहीत, फुटतात, बारीक तुकडे होऊन फटी भरतात, ते ब्रिटल. खरं म्हणजे प्रत्येक पावडरमध्ये तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या असतात, कुणात काय जास्त एवढाच फरक. पोरांना मी हे शिकवतो तेव्हा ते तीन कप्पे करून पाठ करतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण एकच पदार्थ परिस्थिती बदलली की कप्पा बदलतो.

याला गुळासारखं दुसरं उदाहरण नाही. भेलीचा एक मऊसर खडा घ्या आणि अंगठ्याने हळूहळू दाबा, तो दबतो, अंगठ्याचा ठसा राहतो. तोच खडा पाट्यावर ठेवून वर बत्ता हाणा, तुकडे उडतात. गूळ तोच, वेळ वेगळा. हळू दाबलं तर त्याला सरकायला वेळ मिळतो, झटका दिला तर मिळत नाही. टॅब्लेट मशीनवर पंच पूर्ण दाबाखाली किती वेळ राहतो, तर स्पीडनुसार दहा-वीस-तीस मिलिसेकंद. याला ड्वेल टाइम म्हणतात. टर्रेट, म्हणजे पंच बसवलेलं फिरतं चाक, दुप्पट वेगाने फिरवलं की हा वेळ निम्मा. म्हणजे दिवसपाळीतल्या पावडरला मी रात्री अंगठ्याऐवजी बत्ता लावला होता, आणि मला वाटत होतं मी फक्त स्पीड वाढवलाय.

कणाचा आकारसुद्धा कप्पा बदलतो. मिठाचा मोठा खडा खलबत्त्यात सहज फुटतो, पण दाणा जितका बारीक होत जातो तितका तो फोडणं अवघड होत जातं आणि एका हद्दीखाली तो फुटायचा सोडून दबायला लागतो. म्हणूनच स्वयंपाकघरात ठिसूळ वाटणारं मीठ टॅब्लेटच्या पुस्तकात प्लॅस्टिक पदार्थांच्या यादीत असतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

आता चांगल्या स्वभावाची पावडर कोणती, तर मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, सगळे एमसीसी म्हणतात. टॅब्लेटमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, अडलं की एमसीसी टाका म्हणेल. दाबलं की तिचे कण बसून जातात, एकमेकांत घुसतात, मोठ्या जागेवर एकमेकांना चिकटतात, आणि दाब गेल्यावर फारसे उसळत नाहीत. तिच्यात तीन-पाच टक्के ओल असते ती पण मदत करते, आतल्या साखळ्या घसरायला. आणि ही एमसीसी मुळात काय आहे, तर सेल्युलोज, लाकडाच्या लगद्यापासून करतात, कापसापासूनही होते, कारण कापूस म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोजच. मला याचं नेहमी नवल वाटतं. नानांच्या गाठीत जी वस्तू पट्ट्या तोडून वर येते तीच वस्तू ॲसिडमध्ये उकळून, तिचे लांब धागे तोडून, वाळवून पावडर केली की गोळीतली सगळ्यात गुणी वस्तू होते. गाठीत धागा फक्त वाकलेला असतो, स्प्रिंगसारखा, त्याच्या आत काहीच बदललेलं नसतं. डायमध्ये दाब इतका जास्त असतो की कणाच्या आतली रचनाच सरकते, आणि सरकलेलं परत येत नाही.

याच्या उलट डायकॅल्शियम फॉस्फेट, गोळीत भर घालायची दुसरी एक पावडर, ते फुटणारं. पण फुटणं वाईट असं नाही बरं का. ते फुटतं तेव्हा प्रत्येक तुकड्याला नवी कोरी बाजू मिळते आणि त्या कोऱ्या बाजू एकमेकांना धरतात. स्पीडचाही त्याला फार फरक पडत नाही, फुटायला वेळ लागत नाही ना. स्टार्चचं तिसरंच, ते दबतं पण सावकाश, घाई केली की रुसतं आणि उसळतं.

हे सगळं आकड्यात धरायचा पहिला चांगला प्रयत्न हेकेल नावाच्या माणसाने केला, १९६१ साली, आणि तो औषधवाला नव्हता, धातूंच्या पावडरींवर काम करत होता. दाब वाढवत न्यायचा, किती पोकळी उरली ते मोजायचं, त्या पोकळीच्या उलट्याचा लॉग दाबासमोर मांडायचा, मधला भाग सरळ रेषेत येतो. त्या रेषेच्या चढाचा उलटा म्हणजे यील्ड प्रेशर, पावडर कुठल्या दाबाला शरण येते तो आकडा. एमसीसीचा शंभर मेगापास्कलच्या आत-बाहेर येतो, डायकॅल्शियम फॉस्फेटचा काहीशे. मोजण्याच्या पद्धतीवर आकडा हलतो, म्हणून मी पोरांना आकडा पाठ करू देत नाही, रेषा काढायला लावतो. आणि दोन स्पीडला काढायला लावतो. दोन्ही स्पीडला रेषा सारखी आली तर पावडर फुटणारी, वेगळी आली तर दबणारी, हे एकदा स्वतःच्या हाताने ग्राफवर बघितलं की जन्मभर विसरत नाही.

बरं, पॅरासिटामॉल. हिचे क्रिस्टल हट्टी आहेत. एकच औषध पण त्याचे रेणू रचायच्या वेगवेगळ्या पद्धती, बाजारात असतो तो फॉर्म एक. त्याच्यात रेणूंचे थर सरळ नसतात, पन्हाळी पत्र्यासारखे नागमोडी असतात. पन्हाळी पत्रे एकावर एक रचून वरचा पत्रा आडवा ढकलून बघा, सरकत नाही, पन्हाळीत पन्हाळ अडकते. फॉर्म दोनमध्ये थर सपाट असतात, बिबड्यांची, म्हणजे पापडांची, चळत ढकलली की कशी घसरते तसे घसरतात, त्यामुळे तो फॉर्म मस्त दाबला जातो. पण टिकाऊ आहे फॉर्म एक, म्हणून सगळं जग फॉर्म एकच वापरतं आणि सगळं जग कॅपिंगशी भांडतं. थर सरकत नाहीत म्हणजे क्रिस्टल दाब आत साठवून ठेवतो, थोडा फुटतो, आणि सुटका झाली की उसळतो.

आणि सुटका एकदम होत नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, माझ्या मते पुस्तकांत हिला दोन ओळी मिळतात आणि मिळायला पाहिजेत दोन पानं. वरचा पंच उचलला जातो तेव्हा वरून दाब शून्य, पण कडेने डायची भिंत अजून गोळीला आवळून धरते. गोळी वर उसळू शकते, बाजूला नाही. मग खालचा पंच तिला वर ढकलतो, आणि गोळीची वरची कड डायच्या बाहेर येते, तेवढीच कड मोकळी होऊन रुंदावते, आणि खालचा भाग अजून आवळलेला. त्या सीमेवर गोळी कातरली जाते. जोड मजबूत असतील तर सहन करते, नसतील तर तिथेच चीर पडते, आणि टोपण सुटतं. त्यात आत हवा कोंडलेली असेल तर ती पण बाहेर पडायला बघते, त्यात पंच खोलगट असेल तर टोपणाच्या कडेला ताण अजून जास्त. जिनमध्ये प्रेस सोडायच्या आधी पट्टी बांधतात. गोळीची पट्टी म्हणजे तिच्या कणांमधले हे जोडच, ते दाबाखाली असतानाच, त्या वीस मिलिसेकंदांत, बांधून व्हायला पाहिजेत. मी प्रेशर वाढवत होतो तेव्हा जोड वाढत नव्हते, वाढायची तेवढी वाढ आधीच होऊन गेली होती, मी फक्त स्प्रिंग जास्त आवळत होतो.

त्या रात्री मला आप्पांनी सोडवलं. आप्पा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, दहावीपर्यंत शिकलेले, चोपड्याकडचे, शेजारच्या क्युबिकलवर होते. त्यांनी आधी मशीन बंद केली. ट्रेमधल्या टोपणांकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ हॉपर, म्हणजे मशीनवरचं माल भरायचं नरसाळं, उघडून मूठभर ग्रॅन्युल, म्हणजे पावडरचे बांधलेले दाणे, घेतले, तळहातावर चोळले आणि फुंकर मारली. अर्धी पावडर उडाली. "कोरडं पडेल शे," म्हणाले. मग स्पीड दिवसपाळीच्याही खाली आणला, मेन प्रेशर मी सुरुवात केली होती त्याच्याही खाली, आणि प्री-कंप्रेशन वाढवलं. प्री-कंप्रेशन म्हणजे मोठ्या रोलरच्या आधी एक लहान रोलर असतो, तो हलका दाब देऊन हवा बाहेर काढतो आणि पावडरला बसायला आधीच थोडा वेळ मिळतो. दहा मिनिटांनी आलेली गोळी त्यांनी माझ्या हातात दिली, पिळ म्हणाले. मी पिळली. नाही सुटली. सगळ्या नाही सुधारल्या, पण बहुतेक सुधारल्या.

सकाळी ओल तपासली तर त्या लॉटची एक टक्क्याच्याही खाली, आमचं लिमिट दीड ते अडीच होतं. ड्रायरमध्ये जास्त वेळ राहिला होता, मे महिन्यातली आमच्याकडची हवा, बाहेर पंचेचाळीस डिग्री, पाणी ओढून घेणारी. पॅरासिटामॉलचा क्रिस्टल स्वतः दबत नाही म्हणून तर त्याच्याभोवती स्टार्चची पेस्ट नाहीतर पीव्हीपी नावाच्या चिकट पदार्थाचा थर देऊन ग्रॅन्युल करतात, जोड त्या थराचे होतात, आणि तो थर मऊ राहायला थोडी ओल लागते. ओल गेली की थर पण ठिसूळ. जास्त झाली तर उलटं, पंचाला चिकटतं. रिपोर्टमध्ये मात्र कॅपिंगचं कारण ऑपरेटरचं सेटिंग असं लिहिलं गेलं, आणि सेटिंगवर सही माझी असली तरी नाव आप्पांचं आलं कारण शेवटचं सेटिंग त्यांचं होतं. ज्या माणसाने बॅच वाचवली त्याच्या नावावर बॅच बिघडल्याची नोंद. मी तेव्हा नवा होतो, बोललो नाही, आणि ते मला आजही बोचतं.

अजून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, मॅग्नेशियम स्टिअरेट. गोळी डायला घासू नये म्हणून शेवटी टाकतात, एक टक्क्याच्या आत-बाहेर, आणि थोडाच वेळ फिरवतात. नवीन पोरांना वाटतं जास्त फिरवलं तर जास्त चांगलं मिसळेल. होतं असं की ते कणांवर मेणासारखं पसरत जातं, आणि मग कण कणाला न चिकटता मेण मेणाला चिकटतं, म्हणजे चिकटतच नाही. यातही स्वभाव दिसतो बघा, एमसीसीच्या गोळीचा हार्डनेस धाडकन पडतो कारण तिचे कण फुटत नाहीत, लेप तसाच राहतो. डायकॅल्शियम फॉस्फेट फुटून नव्या बाजू काढतं म्हणून त्याला फारसा फरक पडत नाही. (वंगण म्हणून घट्ट केलेलं वनस्पती तेल पण वापरतात गोळ्यांत. आमच्या अमळनेरला १९४५ मध्ये विप्रो सुरू झाली ती वनस्पती तुपासाठीच, हे सांगितलं की वर्गातली अमळनेरची पोरं ताठ बसतात.)

लोकांना वाटतं गोळी दाबणं म्हणजे काय, साचा आणि दाब. १८४३ साली इंग्लंडमध्ये ब्रॉकेडनने पेटंट घेतलं तेव्हा तो पेन्सिलींसाठी ग्राफाइटची पावडर साच्यात दाबत होता आणि त्याच यंत्राने औषधाच्या गोळ्याही, तेव्हापासून यंत्र फार पुढे गेलं, पण कणाला मान वाकवायला जो वेळ लागतो तो लागतोच.

मला या विषयाचं इतकं का लागून राहिलंय ते पण सांगतो. नोकरीत असताना एकदा घरी आलो होतो, मायला ताप होता. उशाशी गोळ्यांची स्ट्रिप, गावातल्या मेडिकलवरून आणलेली, मी काम करायचो तिथली नव्हती. एक कप्पा उघडलेला आणि त्यात गोळीचा पातळ तुकडा. विचारलं तर म्हणे, "फुटेल व्हती रे, जेवढी निंघनी तेवढी खादी." उरलेला तुकडा मी हातात घेतला, आतली बाजू गुळगुळीत, किंचित फुगीर, चमकणारी. बघितल्याबरोबर ओळखली. तिला ताप उतरला नाही म्हणून ती रात्रभर कण्हत होती आणि तिला वाटत होतं औषध लागू पडत नाही, आणि औषधाचा एक भाग तर त्या कप्प्यातच पडलेला. कुठल्यातरी मशीनवर कुणीतरी स्पीड वाढवला असेल, किंवा ग्रॅन्युल कोरडे पडले असतील, आणि माझ्यासारखाच कुणीतरी प्रेशर वाढवत बसला असेल.

आता कॉलेजला आमच्याकडे एक जुनी हाताची सिंगल पंच मशीन आहे. जिनवरून परत आल्यावर या आठवड्यात मी पोरांकडून तीन प्रकारच्या गोळ्या काढून घेतल्या, नुसती एमसीसी, नुसता स्टार्च, आणि नुसतं पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉलच्या दहापैकी सात गोळ्यांचे डायमधून निघतानाच दोन तुकडे झाले, एका पोरीने तुकडा उजेडात धरला आणि म्हणाली, सर हा तर पॉलिश केल्यासारखा आहे. मी काही बोललो नाही, सगळ्यांना हातात घेऊन बघू दिलं. बाकीच्या गोळ्यांची जाडी निघाल्या निघाल्या मोजली, वहीत लिहिली. एमसीसीची दुसऱ्या दिवशी जवळपास तेवढीच होती. स्टार्चची एका रात्रीत वाढली होती, थोडीशीच, पण व्हर्निअरवर स्पष्ट दिसत होती, मशीनमधून निघून बारा तास झाले तरी ती अजून उसळतच होती. पोरांनी विचारलं कधी थांबणार. गोळ्या बशीत झाकून टेबलावर ठेवल्यात, उद्या सकाळी पुन्हा मोजणार आहोत.